साइड कोणी द्यायची?

भाद्रपद जवळ आला की व्यंगचित्रकारांच्या हातून एक चित्र हमखास उतरते. उंदरावर बसलेला गणपती, समोर तोंडात शिटी धरलेला हवालदार आणि खाली प्रश्न, ‘हेल्मेट कुठंय?’ कधी उंदराच्या जागी यमाचा रेडा येतो, कधी शंकराचा नंदी ‘नो पार्किंग’मधून उचलून नेलेला असतो. पोलिसांनाही ही कल्पना आवडलेली आहे. २०१८ साली बंगळुरूच्या वाहतूक पोलिसांनी यमाच्या वेषातला नट रस्त्यावर उभा केला. २०१९ साली पश्चिम रेल्वेने रूळ ओलांडणाऱ्यांना खांद्यावर टाकून बाजूला नेणारा यम मुंबईत आणला. मराठी वाचक अशा चित्राला हसतो, पण हसून झाल्यावर शंकाही काढतो. त्याशिवाय त्याला पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाही. रेड्याला पीयूसी लागते का? ऐरावताला चार सुळे, मग ट्रकबाहेर आलेल्या सळ्यांना बांधतात तसे लाल फडके त्यांना बांधायचे की नाही? लक्ष्मीचे घुबड रात्रपाळीला निघते, त्याला हेडलाइटची सक्ती कशाला? पुष्पक विमानात कितीही माणसे बसली तरी एक जागा रिकामी राहते म्हणतात, मग ‘आसनक्षमता’ या रकान्यात कोणता आकडा भरायचा?

शंका रास्त आहेत, तेव्हा कायद्याचीच मदत घेऊ. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम २(२८) प्रमाणे मोटार वाहन म्हणजे यांत्रिक शक्तीने चालणारे, रस्त्यावर वापरण्याजोगे वाहन. उंदीर, मोर, रेडा, गरुड आणि घुबड इथेच निर्दोष सुटतात. चारपेक्षा कमी चाके आणि २५ सीसीपर्यंतचे इंजिन असलेली वाहनेही या व्याख्येतून वगळली आहेत. सूर्याच्या रथाला चाक एक, घोडे सात आणि सीसी शून्य. म्हणजे तोही सुटला. त्याचा सारथी अरुण मांड्यांशिवाय जन्मलेला, म्हणूनच त्याला अनूरु म्हणतात. तर अपंग चालकासाठी बदल करून घेतलेल्या वाहनाची सोयही कायद्यात आहे. हेल्मेटचे कलम १२९ मोटारसायकलपुरते असल्यामुळे गणपतीला ते लागूच होत नाही, आणि लागू झाले असते तरी हेल्मेटच्या आयएस ४१५१ या मानकात सोंडेची व्यवस्था नाही. खरी अडचण निराळीच आहे. गणेशपुराणाप्रमाणे गणपतीची वाहने युगागणिक बदलतात. कृतयुगात सिंह, त्रेतायुगात मोर (मोरगावचा मयूरेश्वर तो हाच), द्वापारात उंदीर आणि कलियुगात घोडा. म्हणजे चित्रकार जो उंदीर काढतात त्याची नोंदणी द्वापारयुगाबरोबर संपली. हवालदाराने अडवायचे तर मुदत संपलेल्या वाहनासाठी अडवावे. आणि कलियुगात घोड्यावरून येणाऱ्या अवताराचे नाव आहे धूम्रकेतू. पीयूसीचा प्रश्न कोणाला विचारायचा असेल तर तो इथे विचारावा.

पण माझा आक्षेप या तांत्रिक चुकांना नाही. हा सगळा विनोद एका गृहीतावर उभा आहे. देवांचा आणि राजांचा काळ मोकळाढाकळा होता, ज्याला जसे वाटेल तसा तो रथ हाकत असे. नियम, पाट्या आणि पावत्या नंतर इंग्रजांनी आणल्या, आणि त्या आपल्या रक्तात नाहीत. सिग्नल तोडून पुढे गेलेला माणूस सवड मिळाल्यावर हीच उपपत्ती मांडतो, फक्त ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ अशा शब्दांत, आणि स्वतःला त्या लोकांतून वगळून. हे गृहीत साफ चुकीचे आहे. आपल्या जुन्या ग्रंथांत रस्त्याचे नियम भरपूर आहेत. महाभारतात तर ‘साइड कोणी द्यायची’ या एकाच प्रश्नावर निदान तीन खटले आहेत. गोम अशी की ते नियम ज्या प्रश्नापासून सुरू होतात तो सिग्नलला विचारताच येत नाही. जुना नियम विचारतो, ‘तू कोण?’ सिग्नल विचारतो, ‘तू कुठल्या बाजूने आलास?’ आपण दुसऱ्या प्रश्नाला अजून पहिल्याचे उत्तर देत असतो, आणि चौकातली बहुतेक कटकट त्यातून होते असे माझे म्हणणे आहे.

पुरावा पाहू. वनपर्वात कुरुकुलातला राजा सुहोत्र आणि उशीनरपुत्र शिबी यांचे रथ समोरासमोर येतात. दोघे सभ्य आहेत. वयाप्रमाणे एकमेकांचा मान राखतात, कुशल विचारतात, आणि मग दोघेही तिथेच उभे राहतात, कारण आपण गुणांनी बरोबरीचे आहोत असे दोघांना वाटते आणि बरोबरीच्या माणसाला वाट द्यायचे कारण काय? तेवढ्यात नारद येतो. आता आजचा हवालदार असता तर त्याने आधी पाहिले असते की कोण कुठल्या बाजूने आला, कोणाला मागे घ्यायला जागा आहे. नारद यातले काही विचारत नाही. तो दोघांच्या शीलाची तुलना करतो आणि शिबी अधिक चांगला आहे असा निकाल देतो. सुहोत्र शिबीला प्रदक्षिणा घालून वाट मोकळी करतो. निकाल उदात्त आहे यात शंका नाही. पण अशा निकालासाठी दर चौकात एक त्रिकालज्ञ ऋषी नेमावा लागेल, आणि पावणेनऊच्या गर्दीत रिक्षावाल्याचे शील तपासायला त्याला वेळ मिळेल असे दिसत नाही.

याच दाव्याची बौद्ध आवृत्ती राजोवाद जातकात आहे, आणि ती मला जास्त आवडते, कारण तिथे वाद राजे घालत नाहीत, सारथी घालतात. काशीचा राजा ब्रह्मदत्त आणि कोसलचा राजा मल्लिक, दोघेही आपले दोष सांगणारा कोणी भेटतो का हे शोधत गुपचूप हिंडत आहेत. खोलगट, अरुंद वाटेवर दोन्ही रथ अडकतात. ‘रथ बाजूला घे’, ‘तू घे’, ‘माझ्या रथात कोसलचा राजा आहे’, ‘माझ्या रथात काशीचा आहे.’ इथपर्यंत सगळे ओळखीचे. पण पुढे काशीचा सारथी विचार करतो की जो वयाने लहान त्याने वाट द्यावी. वय विचारले तर सारखे. मग राज्याचा विस्तार, सैन्य, धन, कीर्ती, जात, गोत्र, कूळ. सगळे सारखेच निघते. वधूवरसूचक मंडळातही इतके रकाने भरून घेत नाहीत. शेवटी राहते शील. कोसलचा सारथी अभिमानाने सांगतो, आमचा राजा कठोराला कठोरपणे आणि मृदू माणसाला मृदूपणे जिंकतो. काशीचा सारथी म्हणतो, हे गुण असतील तर अवगुण कसले असतात? आमचा राजा रागाला शांतपणाने जिंकतो. कोसलचा राजा आणि सारथी खाली उतरतात, घोडे सोडतात, रथ ओढून बाजूला करतात. कथा सुंदर आहे, निकालही सुंदर आहे. फक्त दोघे वाट अडवून उभे असताना मागे किती बैलगाड्या खोळंबल्या असतील याचा उल्लेख जातककाराने केलेला नाही.

बाकीचे खटले इतके गोड नाहीत. जनकाच्या यज्ञाला निघालेला अष्टावक्र वाटेत राजाचीच स्वारी भेटल्यावर बाजूला व्हायला नकार देतो आणि यादी म्हणून दाखवतो: वाट आंधळ्याची, बहिऱ्याची, स्त्रीची, ओझे वाहणाऱ्याची, राजाची; पण ब्राह्मण भेटला तर त्याची. जनक शहाणा होता, त्याने वाट दिली. कल्माषपाद राजा तेवढा शहाणा नव्हता. शिकारीहून दमून, भुकेलेला परत येत असताना एकच माणूस जाईल अशा वाटेवर त्याला वसिष्ठांचा मुलगा शक्ती भेटला. राजाने ‘बाजूला हो’ म्हटले, शक्तीने धर्मशास्त्र सांगितले, राजाने चाबूक ओढला, शक्तीने ‘नरभक्षक होशील’ असा शाप दिला. शाप लगेच फळला आणि राजाने पहिला खाल्ला तो शक्तीलाच. वाटेवरच्या रागाचा याहून लवकर लागलेला निकाल माझ्या माहितीत नाही. नहुषाला तर ऋषींनी वाहिलेल्या पालखीतून जाताना वेग कमी वाटला. त्याने अगस्त्यांना लाथ मारली आणि अजगर होऊन पडला. या तिन्ही कथांत पालखी, रथ, वाट हे निमित्त आहे. भांडण मोठे कोण याचे आहे.

इथे कोणी म्हणेल, या झाल्या गोष्टी, कायदा कुठे आहे? आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वाट कोणाला द्यावी याची यादीच आहे: रथातला माणूस, नव्वदी ओलांडलेला, आजारी, ओझे वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव. राजा आणि स्नातक समोरासमोर आले तर राजाने वाट द्यायची. ही यादी नीट वाचली तर दोन याद्या एकत्र शिवल्यासारख्या दिसतात. म्हातारा, आजारी, ओझेवाला यांना वाट मिळते ती गरजेमुळे. राजा आणि स्नातक यांना मिळते ती पदामुळे. गाडीवाला पहिल्या क्रमांकावर आहे आणि साधा धडधाकट पादचारी यादीतच नाही. तो आजारी पडला तर येतो. आपल्याकडच्या झेब्रा क्रॉसिंगवर हाच क्रम अजून पाळला जातो. नवरदेवाचे कलम तर पोलीस, दंड, कॅमेरा यांपैकी कशाचीही गरज न पडता आजतागायत टिकून आहे. लग्नसराईत कोणत्याही हमरस्त्यावर घोडा, मागे डीजे आणि त्यामागे एसटीची रांग पाहिली की खात्री पटते.

याला एक वजनदार आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. मनूच्या आठव्या अध्यायात अपघाताचे नियम आहेत, आणि ते चक्क तांत्रिक आहेत. वेसण तुटली, जू मोडले, गाडी आडवी किंवा उलटी गेली, आस किंवा चाक मोडले, वाद्या तुटल्या, गळ्याचा दोर किंवा लगाम तुटला, तर चालकाला दंड नाही. चालक अडाणी असल्यामुळे गाडी भरकटली तर मालकाला २०० पण दंड. चालक कुशल असेल तर त्याला स्वतःला. आणि अडाणी चालकाच्या गाडीत बसलेल्यांना प्रत्येकी १०० पण. शेवटचे कलम मला फार पुढारलेले वाटते. आजच्या कायद्यातही अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण मागच्या सीटवर नुसते बसून राहणाऱ्या मित्रांना काहीच नाही. तेव्हा जुन्या काळी फक्त ‘तू कोण’ एवढेच विचारत, हे म्हणणे मी तेवढ्यापुरते मागे घेतो. मात्र त्याच यादीत दहावी सूट आहे: चालकाने ‘अपैहि’, म्हणजे ‘बाजूला हो’, असे ओरडून सांगितले असेल तर तो निर्दोष. हा नियम कोणीही न शिकवता आपल्या प्रत्येक चालकाला पाठ आहे. ‘हॉर्न दिला होता साहेब’ हे वाक्य म्हणजे ‘अपैहि’चे मराठी भाषांतर. ट्रकच्या पाठीवरचे ‘हॉर्न ओके प्लीज’ महाराष्ट्र सरकारने २०१५ साली बंद केले, पण हॉर्न दिला की जबाबदारी समोरच्याची, ही समजूत बंद करायला अजून परिपत्रक निघालेले नाही.

आणि ‘तू कोण’ हा प्रश्न गमतीचा राहत नाही अशी एक जागा आहे, तिथे थांबायलाच हवे. ज्या ग्रंथाने ही यादी दिली तो महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत जाळला गेला, तो याच प्रश्नाच्या उत्तरांपायी. त्रावणकोरात १८९३ साली अय्यंकाली या पुलया समाजातल्या तरुणाने बैलगाडी घेतली आणि सार्वजनिक रस्त्यावरून चालवली; त्याच्या जातीला तो रस्ता बंद होता, म्हणून नुसती गाडी चालवणे हे बंड ठरले. वैकोमला १९२४ ते १९२५ सत्याग्रह झाला तो देवळात जाण्यासाठी नव्हता, देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे यासाठी होता. दीड वर्षाहून अधिक काळ तो चालला आणि अखेर चारपैकी तीन बाजू सगळ्यांसाठी मोकळ्या झाल्या. आजही नवरदेव दलित असेल तर घोड्यावरून उतरवल्याच्या बातम्या येतात. म्हणजे मनूच्या यादीतले नवरदेवाचे कलमसुद्धा पाळायच्या आधी काही लोक नवरदेवाला ‘तू कोण’ विचारून घेतात. हे लक्षात घेतले की खांबावरचा तो तीन रंगांचा दिवा निराळा दिसू लागतो. त्याला डोळे तीन आहेत, पण एकालाही जात, पद किंवा आडनाव वाचता येत नाही.

नेमके हेच अनेकांना सोसत नाही. दिव्याला आपण कोण ते कळत नाही, म्हणून ते कळवण्याचा उद्योग चालतो. गाडीच्या काचेवर आपल्या खात्याचे, पक्षाचे किंवा व्यवसायाचे नाव चिकटवायचे. नंबरप्लेटवर ४१४१ असे काढायचे की ते ‘दादा’ वाचले जावे, २१४ चा ‘राम’ करायचा, ४९१२ चा ‘पवार’. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पाटीवर रोमन अक्षरे आणि साधे आकडेच हवेत, पण आकडा हा गाडीचा क्रमांक असतो हे मान्य करायला मन धजत नाही. तो मालकाचा परिचय असावा लागतो. हवा तो क्रमांक मिळवण्यासाठी लोक आरटीओत लाखो रुपये भरतात आणि तोच माणूस पाचशेच्या पावतीवर अर्धा तास घासाघीस करतो. लाल दिवा १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरूनही उतरला, तेव्हा किती कपाळे उघडी पडली! १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी आली. जुन्या गाड्यांसाठी तीच पाटी सक्तीची झाली तेव्हा महाराष्ट्रात तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. कारणे पुष्कळ सांगितली गेली, आणि त्यातली काही खरीही असतील. तरी मला शंका आहे की सगळ्यांची पाटी एकसारखी दिसणार, ही कल्पनाच पुष्कळांना बोचली असावी.

रस्ते वाईट, खड्डे मोठे, गाड्या फार, पोलीस थोडे, मग पुराणांना कशाला ओढता, असे विचारले जाईल. खड्ड्यांचा मुद्दा मान्य. खड्ड्यामुळे माणूस गाडी वळवतो, उलट दिशेने घालतो, पाय टेकवतो. पण खड्ड्यामुळे कोणी काचेवर स्टिकर लावत नाही, आणि गर्दीमुळे कोणी हवालदाराला ‘मी कोण आहे माहीत आहे का?’ असे विचारत नाही. हे वाक्य सुहोत्र आणि शिबी यांच्या रथांमधून थेट आपल्यापर्यंत आलेले आहे, मधल्या वाटेत शील तेवढे गळून पडले. दुसरा आक्षेप असा येईल की मोठ्या माणसाला वाट हा सगळ्या जगाचा रोग आहे. मॉस्कोत तर बड्या अधिकाऱ्यांच्या गाड्यांसाठी रस्त्याच्या मधोमध वेगळी मार्गिका असे. असे. पण परक्याच्या रोगाने आपला ताप उतरत नाही.

मग वाट कोणालाच आधी द्यायची नाही का? रुग्णवाहिकेला आणि अग्निशमन दलाला द्यायचीच. न दिल्यास कलम १९४-ई प्रमाणे १०,००० रुपये दंड आहे. घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यायची, हाही नियम आहे. यात मनूच्या यादीतला आजारी आणि ओझेवाला अजून जिवंत आहेत, आणि मला याचा आनंद होतो. गेले ते राजा आणि स्नातक. निदान कायद्यातून गेले. रुग्णवाहिकेत कोण आहे हे भोंगा सांगत नाही, चढणीच्या ट्रकमध्ये कांदे आहेत की सिमेंट हे कोणी विचारत नाही.

तेव्हा चित्रकारांना विनंती आहे. पुढच्या भाद्रपदात गणपतीच्या डोक्यावर हेल्मेट बसवण्याची खटपट करू नका. ते बसणार नाही. सिग्नल लाल आहे आणि उंदीर पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे शेपूट आवरून थांबलेला आहे, एवढेच काढा. मागे एक मोठी गाडी काढा, तिचा हॉर्न वाजताना दाखवा आणि पाटीवर आकडा घाला ४१४१. हवालदार काढला नाही तरी चालेल.